वर्षातून एक दिवस बंद

स्केलगार्थ, यॉर्कशायर
२४ फेब्रुवारी १९७९

म्युरिएल विहीणबाई,

तुमचं पत्र पोचलं. तीन दिवस बर्फानं रस्ता अडला होता. आज पोस्टमन वर आला तो बियाणंवाल्याचं पत्रक, चॅपलच्या वर्गणीची आठवण आणि तुमचं पाकीट घेऊन. पहिली दोन मागायलाच आली होती. तुमचंही मागायलाच आलंय हे उघडल्यावर कळलं.

इल्कलीपासून विंडरमियर तलावापर्यंत ऐंशी मैल पायी, आठ दिवस, पाठीवर पिशवी आणि बरोबर मी. तुमच्या यजमानांची, लेनर्डची, ही एकच वाट चालायची राहून गेली, ती तुम्हाला पुरी करायचीय, आणि सोबतीला डोंगरातली विहीण आठवली. आपल्या पोरांचं लग्न होऊन अठरा वर्षं झाली. या अठरा वर्षांत तुम्ही मला नाताळची कार्डं आणि वासाचे साबण पाठवलेत. साबण सगळे लोकरीच्या कपाटात आहेत, कसर लागत नाही. चालायला बोलावलंत हे पहिल्यांदाच. मी बाहत्तरची, तुम्ही सत्तरच्या. दोघींची वयं जोडली तर वाटेपेक्षा लांब भरतात.

तरी येते.

का येते तेही सांगून टाकते, मला आडून बोलता येत नाही. तुमचा जावई, म्हणजे माझा जॉस, नाताळात इथं येऊन मला म्हणाला, "आई, वरच्या गोठ्यापर्यंत एकटी जाऊन परत येतेस तोवर राहा इथं. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी आमच्याकडे." तुमच्या वर्दिंगला म्हणे त्यानं एक बैठं घर हेरून ठेवलंय. दाराला पायरीसुद्धा नाही, असं कौतुकानं सांगत होता. मी या घरात लग्न होऊन आले त्याला एक्कावन्न वर्षं झाली. दाराला तीन पायऱ्या आहेत आणि तिन्ही मला ओळखतात.

तेव्हा एक करा. रविवारी जेवायला सगळे बसले की जॉसच्या तोंडावर सांगा, तुझी आई ऐंशी मैल चालायला निघालीय. मग गोठ्याचं नाव काढणार नाही.

अट एकच. परत घरी चालत येण्यासाठी मी इल्कलीपर्यंत खाली उतरणार नाही. वाट माझ्या कुरणाच्या वरच्या अंगानं जाते. तुम्ही खालून तीन दिवस चालत या, चौथ्या दिवशी मी माझ्या दारातून तुमच्यात मिळेन.

तब्येत ठणठणीत. आज सकाळीच वरच्या गोठ्याला जाऊन आले.

थर्झा कीर्टन


वर्दिंग
३ मार्च १९७९

प्रिय थर्झाबाई,

तुम्ही हो म्हणाल असं इथं कुणालाच वाटलं नव्हतं. मलासुद्धा.

रविवारी मी सांगितलं. जॉसनं काटा खाली ठेवला, माझ्या हिलरीनं त्याच्याकडे पाहिलं, आणि आपली नात फीबी एवढी हसली की तिच्या नाकातून सरबत आलं. मग जॉस म्हणाला, "आई खरोखर चालली, तर त्या बैठ्या घराचा विषय मी कायमचा बंद करीन. पण चालली तर." हे मी शब्द न बदलता लिहिते आहे.

आता बेत. शुक्रवारी, २५ मे रोजी इल्कलीहून निघायचं. मुक्कामाच्या घरांना मी पत्रं लिहिली, तीन ठिकाणांहून खोली आहे असं उत्तर आलं. सोमवारी, २८ तारखेला दुपारी मी तुमच्याकडे पोचते. एक रात्र तुमच्याकडे, मग दोघी पुढे. मंगळवारी आपल्याला निरोप द्यायला जॉस गाडीनं येणार आहे. त्याची खात्री व्हायला हवी, असं हिलरी म्हणते.

मी बूट घेतले आहेत. शिट्टी, पट्ट्या, पुदिन्याची वडी आणि रेनकोट घेतला आहे. लेनर्डबरोबर मी कितीतरी वाटा पाहिल्या आहेत, तरी डोंगर तुमचा, म्हणून विचारते. वळू समोर आला तर काय करावं? गडगे ओलांडताना पाय कुठे ठेवायचा? आणि पाठीवर किती वजन असावं?

तुमची,
म्युरिएल पेलिंग


स्केलगार्थ
१२ मार्च १९७९

विहीणबाई,

वळूचं ऐका. तो गाईंत असला तर त्याला तुमच्याशी काही कर्तव्य नसतं. एकटा असला तर तुम्हाला त्याच्याशी काही कर्तव्य नाही असं दाखवत कडेकडेनं जायचं. वळूपेक्षा वासरू जवळ असलेली गाय वाईट. कुत्रा बरोबर नेऊ नका. मेंढ्यांना कोकरं असतील, त्यांच्यामधून जाऊ नका. आणि कुरणाचं फाटक जसं सापडेल तसं ठेवायचं. उघडं सापडलं तर उघडं, लावलेलं सापडलं तर लावलेलं. शहरातली माणसं चांगुलपणानं प्रत्येक फाटक लावत जातात आणि मागं माझ्या मेंढ्या पाण्यावाचून राहतात.

गडगे ओलांडायचे नसतात. आमच्याकडे भिंतीत दोन उभे दगड असतात आणि त्यांच्यामधे फट. माणूस जातं, मेंढी अडकते. फट अकरा इंच असते. शिवणाची फीत घ्या आणि आंघोळीला जाल तेव्हा स्वतःला मोजून बघा. नाही मावलात तर तिरक्या व्हा, म्हणजे अंग वळवून जा. आमचा धर्मोपदेशक तसाच जातो.

वजन म्हणाल तर पाठीवर घेऊन तुम्हाला भांडता येईल एवढंच.

आता मुद्द्याचं. २८ तारीख बदला. त्या दिवशी माझं फाटक बंद असतं.

तुमच्या हिलरीमुळे तुम्हाला हे अर्धं ठाऊक असेल, उरलेलं मी सांगते. लांब वाट माझ्या कुरणाच्या वरून गेलीय. तिथून फाटकातून खाली, माझ्या अंगणातून पलीकडच्या पुलावर उतरलं की चार मैलांचा वळसा वाचतो. ही उतरण नकाशावर हक्काची वाट म्हणून नाही, ती आमची आहे. चालणारे येतात, मी जाऊ देते, पाणीही देते. पण लोक वीस वर्षं बिनअडथळा चालले की वाट त्यांची होते, असं इथं सगळे सांगतात. म्हणून माझ्या नवऱ्यानं, एनॉकनं, ठरवलं होतं, वर्षातून एक दिवस साखळी घालून कुलूप लावायचं. उरलेले दिवस खुशाल जा, पण तो एक दिवस सांगतो की घर कुणाचं आहे. बाकीचे शेतकरी हे काम जानेवारीत उरकतात, कुत्रंही फिरकत नाही तेव्हा. एनॉक म्हणायचा, कुणी पाहिलंच नाही तर ते कुलूप कसलं. म्हणून त्यानं मे महिन्यातला सुट्टीचा सोमवार धरला. तेवीस वर्षं त्यानं लावलं, तो गेल्यावर आठ वर्षं मी लावते. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा.

एकोणीस वर्षांपूर्वी तुमचे लेनर्ड नेमके त्याच सोमवारी पोरीला घेऊन वरून उतरले. नकाशा काढून एनॉकला म्हणाले, "इथं वाट दाखवलीय." एनॉक म्हणाला, "मग नकाशावरूनच चाला." तासभर दोघे फाटकाच्या दोन बाजूंनी भांडले. तेवढ्यात माझ्या पोरानं तुमच्या पोरीला दूध नेऊन दिलं, आणि वळशाची वाट दाखवायला म्हणून चार मैल बरोबर गेला. परत आला तो नुसता देहानं. पुढच्या वर्षी लग्न करून दक्षिणेत. तुम्ही त्या दिवशी कुठं होता कोण जाणे, फाटकाशी तरी नव्हता.

तेव्हा मंगळवारी या. विहीण म्हणून सूट मिळणार नाही. सूट दिली की कुलूप राहत नाही.

थर्झा

ता. क. अक्षर वाकडं आलंय, पलंगावर बसून लिहितेय. पलंग खाली स्वयंपाकघरात चुलीजवळ आणलाय. ऊब असते.


वर्दिंग
२० मार्च १९७९

प्रिय थर्झाबाई,

तारीख बदलता येत नाही. सुट्टीचे दिवस आहेत, दुसरीकडे खोल्या नाहीत. मी सोमवारीच येईन आणि तुमच्या कुलपाचं काय करायचं ते तिथे आल्यावर बघू. त्या दिवशी मी थोडी मागे राहिले होते. लेनर्ड नेहमी म्हणायचे, त्या हटवादी म्हाताऱ्यानं फाटक उघडलं असतं तर आपल्याला फीबी मिळाली नसती.

फीत घेऊन मोजलं. आकडा लिहीत नाही. अंग वळवून जाईन.

नकाशा रोज बघते. एक शंका आहे. तपकिरी रेषा काही ठिकाणी अगदी जवळजवळ आल्या आहेत, तिथे वाट रुंद आणि सोपी असते, असंच ना? तिसऱ्या दिवशी अशा खूप आहेत, म्हणून त्या दिवशी पंधरा मैल धरले आहेत.

पलंग खाली आणलात ते बरं केलंत. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच का, हे विचारलं तर रागावू नका.

म्युरिएल


स्केलगार्थ
२ एप्रिल १९७९

विहीणबाई,

रागावले.

मी बाराव्या वर्षी शाळा सोडली, त्यातली निम्मी वर्षं गवत कापण्यात गेली. तरी मला ठाऊक आहे की त्या रेषा जवळ आल्या म्हणजे चढ उभा असतो. तिथं पंधरा मैल धरलेत तर तुम्हाला उचलायला पर्सी आयव्हसनचा ट्रॅक्टर लावावा लागेल. पर्सी म्हणजे माझा शेजारी, माझी जमीन आता तोच कसतो.

तेव्हा माझा सरळ प्रश्न आहे. लेनर्डबरोबर कितीतरी वाटा पाहिल्यात म्हणता. पाहिल्यात, का चाललात? माझ्या मते तुम्ही जन्मात डोंगर चढलेला नाही. आणि जन्मात न चढलेली बाई सत्तराव्या वर्षी अचानक ऐंशी मैलांचं पत्र पाठवते, तेव्हा तिच्यामागून कुणीतरी ढकलत असतं. जॉसनं पाठवलं का तुम्हाला? म्हातारी नाही म्हणेल, मग आपण म्हणू, बघ, जमत नाही ना, बांध सामान. असा बेत होता का?

खरं लिहा. खोटं लिहिलंत तर कळेल, खोटं लिहिताना तुमचं अक्षर फार सुंदर येतं.

थर्झा


वर्दिंग
९ एप्रिल १९७९

थर्झाबाई,

हो.

जॉस नाही, हिलरी. फेब्रुवारीत एका संध्याकाळी ती म्हणाली, "ममी, तू पत्र लिही. तुझं बोलणं त्यांना झोंबणार नाही. त्या नाही म्हणतील, मग जॉसला बोलायला सोपं जाईल." मी लिहिलं. पत्र पेटीत टाकल्यावर मला बरं वाटलं नाही, पण टाकून झालं होतं.

आणि तुमचं दुसरंही खरं आहे. मी कधीच चालले नाही. लेनर्ड आणि हिलरी डोंगरावर जायचे, मी खालच्या गावात चहाच्या दुकानात विणत बसायची. एकतीस वर्षांत मी बावीस स्वेटर विणले आणि एकही डोंगर पाहिला नाही. तुमच्या कुलपाच्या दिवशी मी पाच तास खालच्या गावात होते. परत आल्यावर दोघंही एकदम बोलत होते आणि मला काही समजत नव्हतं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगते. लेनर्ड गेल्यावर आमचं घर विकलं. हिलरीनं मला तिच्याकडची मागची खोली दिली. खोली चांगली आहे, खिडकीतून शेजाऱ्यांचं गॅरेज दिसतं. मला कुणी ओढून आणलं नाही. विचारलं, आणि मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायची मला सवयच नव्हती. तुमचं पहिलं पत्र वाचलं, दाराच्या तीन पायऱ्या तुम्हाला ओळखतात ते, आणि मला आमच्या दाराला किती पायऱ्या होत्या ते आठवेना.

दुसऱ्या दिवशी मी ते बूट घालून समुद्राच्या कडेनं निघाले. पहिल्या दिवशी अर्धा मैल. आता चार होतात. हे पत्र लिहायला मला कुणीही सांगितलेलं नाही. मला आता खरंच यायचं आहे.

म्युरिएल


वर्दिंग
१ मे १९७९

थर्झाबाई,

तीन आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. रागावला असाल तर तसं लिहा. नुसतं गप्प राहणं तुमच्यासारखं वाटत नाही. मी काल सहा मैल चालले.

म्युरिएल


स्केलगार्थ
६ मे १९७९

विहीणबाई,

राग दुसऱ्याच दिवशी ओसरला होता. उशीर झाला तो वेगळ्या कारणानं. तुम्ही एवढं उघडं लिहिलंत, आता मला गप्प बसून चालणार नव्हतं, आणि लिहायचं तर हाताला येत नव्हतं.

मी वरच्या गोठ्याला गेले नाही. फेब्रुवारीपासून नाही. तीन तारखेला अंगणात बर्फावरून घसरले आणि खुब्यावर पडले. दोन तास तिथंच होते, मग पर्सी मेंढ्यांना चारा टाकायला आला. तो म्हणाला, "थर्झामावशी, इथं काय करतेस?" मी म्हटलं, ऊन खातेय. डॉक्टरनं सहा आठवडे झोपवलं. जॉसला कळवाल तर दारात उभं करणार नाही, असं दोघांनाही सांगितलंय. दोघांनाही माझ्या दारात काम पडतं, म्हणून गप्प आहेत.

आता काठीनं कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत जाते. एकतीस पावलं. तुम्हाला हो लिहिलं तेव्हा पलंगावरून उठताही येत नव्हतं. जॉसला गप्प करायला लिहिलं. वाटलं, मे येईतो तुम्हीच मागं फिराल आणि बोल तुमच्यावर राहील. तेव्हा खोटेपणात आपण बरोबरीत आहोत. तुमचं मन खायला लागलं, माझं लागलं नाही, एवढाच फरक.

ऐंशी मैल मला होणार नाहीत. वरचा गोठाही होणार नाही. पण एक गोष्ट झाली पाहिजे. अंगणापासून वरचं फाटक दोनशे यार्ड आहे, सगळा चढ. २८ तारखेला तिथं जाऊन साखळी घालायची आहे. पर्सीला सांगितलं तर तो घालेल, नाही असं नाही. पण मग कुलूप पर्सीचं झालं. घरवालीला स्वतःच्या फाटकापर्यंत जाता येत नसेल, तर जॉस म्हणतो तेच खरं, आणि मग मी स्वतःच सामान बांधीन. त्याला सांगायची गरज पडणार नाही. रोज दहा पावलं वाढवतेय. काल नव्वद झाली.

आता तुम्ही यायचं कारण उरलं नाही. खोल्या रद्द करा.

थर्झा


वर्दिंग
१२ मे १९७९

थर्झाबाई,

खोल्या रद्द केल्या नाहीत. जॉसला काही सांगितलं नाही. २८ तारखेला चार वाजता फाटकाशी.

बोल माझ्यावर ठेवायचा असेल तर मी तिथे पोचल्यावर ठेवा.

म्युरिएल


(पोस्टकार्ड)
शुक्रवार, २५ मे

पहिला दिवस झाला. दोन्ही टाचांना फोड. वळूनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिल्या फटीत अडकले, मागून एक शाळामास्तर म्हणाले, श्वास सोडा. सोडला. गेले.
म्यु.


स्केलगार्थ
३० मे १९७९
(विंडरमियरच्या मुक्कामाच्या पत्त्यावर)

विहीणबाई,

तुम्ही मंगळवारी सकाळी सातलाच निघालात, एकट्या, पाय बांधून. मी थांबवलं नाही, थांबला नसतात. पुढचं तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहितेय. आधीचंही लिहिते, कारण तुम्ही फाटकाच्या त्या बाजूला होता आणि या बाजूचं तुम्हाला दिसलं नाही.

रविवारी दिवसभर पाऊस होता, कुरण चिकट झालं होतं. मी सोमवारी आठला निघाले. साखळी, चहाचा थर्मास आणि खाणं अंड्यांच्या परडीत घालून परडी गळ्यात अडकवली. काठी रुतायची, उपटायची, मग पाऊल. दोनदा बसले. दुसऱ्यांदा बसल्यावर वाटलं, इथंच बरी आहे, कुणीतरी येईल. मग आठवलं की येणारा पर्सीच असेल आणि मला परत ऊन खातेय म्हणावं लागेल, तेही पाऊस पडायच्या बेतात असताना. उठले. कुलूप लावलं तेव्हा खालच्या चॅपलचे नऊचे टोल पडत होते. मी कुणाला सांगितलं नसतं, पण तेवढ्यापुरतं मला एनॉकशी बोलायचं होतं. बोलायचं होतं म्हणजे टोमणाच मारायचा होता. त्याला अर्धीच वाट चढून दम लागायचा.

परत खाली जायची ताकद नव्हती, म्हणून तिथंच दगडावर बसून राहिले. किल्ली एप्रनच्या खिशात होती. सव्वाचारला तुम्ही आलात. दोन्ही पायांनी लंगडत, नाक लाल, टोपी कुठं तरी गेलेली. म्हणालात, "थर्झाबाई, मी आले."

मी म्हटलं, "दिसतंय. सहाला उघडेल."

तुम्ही एकदाही उघडा म्हणाला नाहीत. पाठीवरची पिशवी खाली ठेवून तिच्यावरच बसलात. मी गजांतून चहा दिला, फळांचा केक आणि आमच्याकडे खातात तसं त्याच्यावर चीज दिलं. तुम्ही चीज उचलून बाजूला ठेवायला लागलात, मग माझ्याकडे बघून परत केकवर ठेवलंत आणि खाल्लंत. तेव्हाच मी तुमच्यावरचा बोल सोडून दिला, पण सांगायचं राहिलं.

आणि मग ते लीड्सचे दोघे उतरले, नकाशा हलवत. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "आज बंद आहे. वरून जा, चार मैल पडतात." तो उंच पोरगा म्हणाला, आजी, नकाशावर दाखवलंय. तुम्ही म्हणालात, "मग नकाशावरूनच चाला." लेनर्डच्या बायकोनं. मी त्या दोघांना हसू दिसू नये म्हणून परडीत तोंड घातलं.

सहाला उघडलं. खाली यायला आपल्या दोघींना मिळून पाऊण तास लागला आणि पाय मिळून फारतर दोन चांगले होते. साखळी तिथंच लटकत राहिली.

आता तुम्ही गेल्यानंतरचं. जॉस अकराला आला. आपल्या दोघींना निरोप द्यायला आलेला, आणि मी खुर्चीत. म्हणाला, ममी कुठं? मी म्हटलं, गेल्या. तू? मी म्हटलं, मी गेले नाही. त्यानं पलंग पाहिला, काठी पाहिली. काही बोलायच्या आत खिडकीतून त्याला फाटकावरची साखळी दिसली. विचारलं, "कुलूप पर्सीनं लावलं?"

"मी."

विश्वास बसला नाही त्याचा. बाहेर गेला. मी खिडकीतून बघत होते. तो अंगणातून वर चढायला लागला आणि थांबला. ओल्या मातीत माझ्या काठीची भोकं होती, विहीणबाई. पार अंगणापासून फाटकापर्यंत, पावलापावलाला एक. मी बसले होते तिथं गवत चेपलेलं. खुब्याचं जे मी चार महिने झाकलं ते सगळं कुरणभर लिहून ठेवलं होतं, आणि पोरगं एकेक भोक वाचत वर गेलं. फाटकाशी बराच वेळ उभं होतं.

परत आला तेव्हा बुटांना चिखल, तसाच आत. समोर बसला. म्हणाला, "कधीपासून?"

मी म्हटलं, फेब्रुवारी.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू गोठ्याची अट घातली होतीस."

उठला. मग चहा केला त्यानं, वाईट केला, मी प्यायले. मी म्हटलं, "जॉस, मी येणार नाही. मी तुला आजवर जमेल, बघू, चालायला निघालेय असं काहीबाही सांगितलं. आता सरळ सांगते. नाही."

तो म्हणाला, "किती वेळ लागला वर जायला?"

"एक तास."

"दोनशे यार्डांना."

"कुणी घाई केली नव्हती."

हसला, आणि हसता हसता त्यानं तोंड पुसलं, ते मी बघितलं नाही असं दाखवलं. संध्याकाळपर्यंत पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवून झाला. पर्सीला बोलावून ठरवलं, रोज सकाळी माझ्या धुराड्याकडे बघायचं, धूर नसला तर फोन करायचा. धुराड्यावरून माझ्यावर नजर ठेवणार, मला आवडलं नाही, पण घेतलं. आणि म्हणाला, "दर वर्षी त्या सोमवारी मी येईन. तू कुलूप लावायचंस, मी साखळी वाहून नेईन. तू वर पोचलीस तर पुढच्या वर्षीच्या सोमवारपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. नाही पोचलीस तर तिथंच बसून बोलू." मी म्हटलं, चालेल. एका वेळी एक वर्ष. फाटकाचंही तेवढंच असतं.

तुम्हाला एक सांगायचंय, ते मला तुमच्यासारखं नीट लिहिता येणार नाही. एनॉकला सगळे हटवादी म्हणायचे. पण त्यानं वर्षातले बाकीचे सगळे दिवस फाटक उघडं ठेवलं, आणि ते त्याला जमलं कारण एक दिवस तो नाही म्हणायचा. तुम्ही एकदाही तसं म्हणाला नाहीत, म्हणून तुमच्यातून सगळे चालत गेले. त्यांचा दोष नाही, वाट मोकळी दिसली.

पायाला मीठपाणी लावा. फोड फोडू नका.

थर्झा


विंडरमियर
२ जून १९७९

थर्झाबाई,

पोचले. दोन नखं वाटेत राहिली. पाय तळ्यात सोडून बसले होते, तुमचं पत्र घरमालकिणीनं तिथेच आणून दिलं. दोनदा वाचलं.

संध्याकाळी हिलरीला फोन केला. तिनं उद्याच्या गाडीचं तिकीट बघून ठेवलं होतं, सोमवारी फीबीच्या दातांच्या डॉक्टरकडे मीच न्यायचं असंही ठरलं होतं. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, नाही म्हणजे? मी म्हटलं, म्हणजे नाही, हिलरी, उद्या नाही.   ती म्हणाली, बरं, मी रजा घेते. एवढंच. थर्झाबाई, एवढंच होतं ते. सत्तर वर्षं मला वाटत होतं की काहीतरी कोसळेल.

उद्या मी आले त्याच वाटेनं परत फिरते. आता नकाशा लागणार नाही. चार दिवसांनी, बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला तुमच्याकडे. किती दिवस राहीन ते ठरवलं नाही. तुम्हाला नको असेन तर नाही म्हणा, तुम्हाला येतं.

म्युरिएल


(म्युरिएलच्या मुक्कामी, डोंगरापलीकडच्या खाणावळीत पर्सीच्या हाती पाठवलेली चिठ्ठी)
मंगळवार, ५ जून

विहीणबाई,

वरच्या खोलीतला पलंग हवेशीर केलाय. उशाला तुमचा एक साबण ठेवलाय, तुमचा तुम्हीच वापरा. सकाळी अंडी काढायची तुम्ही, कोंबड्या चावत नाहीत. संध्याकाळी चीज खावं लागेल.

पुलाकडून अंगणात येऊ नका. चार मैल जास्त पडले तरी वरच्या वाटेनं या, फाटक ढकललं की उघडतं. मी तिथंच असेन. मला चढायला एक तास लागतो, म्हणून उद्या तीनला निघतेय.

उशीर करू नका, वर वारा असतो.

थर्झा